घरच्या दाण्याची पौष्टिक वडी

आपल्या जिल्ह्यांत हरभरा खळ्यावरून निघाला कीं त्याचे दोन ढीग होतात. टपोरा, स्वच्छ दाणा पोत्यांत भरून बाजार समितीकडे जातो. बारीक, फुटका, किडका दाणा घरच्या डब्यांत राहतो. भुईमुगाचीहि तीच गत आहे. आणि याच घरांतील मुलगा तालुक्याच्या गांवीं तालमीस किंवा पोलीस भरतीच्या सरावास जाऊं लागला म्हणजे चकचकीत कागदांत गुंडाळलेली ‘प्रोटीन बार’ नांवाची वडी विकत आणतो. त्या कागदावरील घटकांची यादी वाचून पाहावी. शेंगदाणा, सोयाबीनपासून काढलेलें प्रथिन, दुधाच्या निवळीची भुकटी व साखरेचा किंवा खजुराचा चिकटा, यांपैकींच बहुतेक जिनसा तींत आढळतात. म्हणजे शेतकऱ्यानें विकलेला मालच त्याच्या घरीं अनेक पटींनीं अधिक दाम घेऊन परत येतो. हा व्यवहार कांहीं अंशीं तरी उलटा करतां येईल काय, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

अशी वडी बाजारांत रूढ होण्यास अमेरिकेंत १९८६ सालीं सुरुवात झाली. लांब पल्ल्याच्या शर्यती धांवणारे ब्रायन मॅक्सवेल यांनीं धांवपटूंना खिशांत नेतां येईल असें खाद्य म्हणून ती विकावयास काढली. परंतु कल्पना म्हणून पाहिलें तर तींत आपणांस अपरिचित असें कांहींच नाहीं. शेंगदाण्याचा लाडू, तिळाची वडी, सातूचें पीठ आणि लोणावळ्याची चिक्की हीं तिचींच भावंडें होत. १९७२ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांतील हजारों माणसें खडी फोडण्याच्या व बांधबंदिस्तीच्या कामांवर होतीं. त्यांस त्या वेळीं ‘सुकडी’ नांवाचें कोरडें गोड खाद्य वाटण्यांत येत असे, हें आमच्या वयस्क वाचकांस स्मरत असेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें गहूं, हरभरा, शेंगदाणा व गूळ यांचें मिश्रण बालकांसाठीं सुचविलें. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें शेंगदाण्याच्या पेंडीचें पीठ तीन भाग व हरभऱ्याचें पीठ एक भाग असें बहुगुणी अन्न सिद्ध केलें. या साऱ्यांचें बीज एकच आहे: दाळवर्गीय धान्य, तेलबी व गूळ यांचा मेळ.

प्रथिन कशासाठीं

पिकास जसें नत्र, तसें शरीरास प्रथिन. स्नायु, रक्त, त्वचा, केस, सर्वांची घडण त्याच्यावर अवलंबून असते; मुलांची वाढ, जखम भरून येणें, गर्भाचें पोषण हींहि त्याच्यावांचून होत नाहींत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसास शरीराच्या दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन मिळावें. या हिशेबानें ६५ किलो वजनाच्या पुरुषास सुमारें ५४ ग्रॅम व ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारें ४६ ग्रॅम होतें. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस याहून अधिक लागतें.

आतां आपल्या ताटाकडे पाहूं. दिवसाकाठीं ३०० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर त्यांतून सुमारें ३३ ग्रॅम प्रथिन मिळतें. आंकडा पाहून भाकरीनेंच बहुतेक काम भागलें असें वाटेल. परंतु प्रथिन हें एकच द्रव्य नसून अनेक अमिनो आम्लांची ती सांखळी आहे, आणि त्यांपैकीं कांहीं आम्लें शरीरास स्वतः घडवितां येत नाहींत. बैलजोडींतील एक बैल थकला म्हणजे दुसरा कितीहि तगडा असला तरी औत थकलेल्याच्या चालीनेंच चालतें. ज्वारी, बाजरी व गहूं यांत लायसीन नांवाचें आम्ल कमी असतें. तेथें औत मंदावतें. हरभऱ्यांत लायसीन भरपूर आहे, पण मिथिओनीन कमी आहे. तिळांत मिथिओनीन चांगलें आहे, पण लायसीन कमी आहे. शेंगदाण्यांत प्रथिन पुष्कळ असलें तरी हीं दोन्ही आम्लें बेताचींच. म्हणून नुसत्या शेंगदाण्याच्या चिक्कीपेक्षां हरभरा, शेंगदाणा व तीळ यांची एकत्र वडी अधिक उपकारक ठरते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

ही केवळ पुस्तकी चर्चा नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. खुजेपणास एकटें प्रथिनच कारण असतें असें नाहीं. अपुरें अन्न, वारंवारचे जुलाब व मातेचा अशक्तपणा हींहि कारणें आहेत. तरी घरांत हरभऱ्याचीं पोतीं असतांना मुलाच्या हातीं केवळ मैद्याचीं बिस्किटें असावीं, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आपल्याच जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें काम सुरूं केलें. त्यांनीं खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांसच आरोग्यसेविका म्हणून तयार केलें व शेतकऱ्यांचीं मंडळें आणि महिला मंडळें यांच्या द्वारें मुलांचा आहार, स्वच्छ पाणी व रोगप्रतिबंध यांची व्यवस्था लावली. औषधाच्या बाटलीइतकेंच महत्त्व घरच्या अन्नास आहे, हा त्या कामाचा धडा आहे.

जिनसांची निवड

या कामांत अर्धें यश निवडींत आहे, आणि येथेंच आम्हांस वाचकांशीं स्पष्ट बोलावयाचें आहे. उत्तम माल बाजाराला व टाकाऊ माल घराला, ही जुनी चाल भुईमुगाच्या बाबतींत केवळ काटकसरीची नसून धोक्याची आहे. ओलसर शेंगांवर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते व ती अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष निर्माण करते. हें विष थोड्या प्रमाणांत दीर्घकाळ पोटांत गेल्यास यकृतास घातक ठरतें. १९७४ सालीं गुजरात व राजस्थानच्या सीमेवरील खेड्यांत बुरशीग्रस्त मका खाल्ल्यानें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. तें याच विषानें. भाजल्यानें बुरशी मरते, परंतु विष पूर्णपणें नाहींसें होत नाहीं, हें विशेष लक्षांत ठेवावें. सुरकुतलेल्या, फुटक्या, काळपट व कडवट दाण्यांत त्याचा भरणा अधिक असतो. आणि नेमका तोच दाणा आपण घरासाठीं मागें ठेवतों.

यासाठीं पुढील खबरदारी घ्यावी. शेंगा काढल्यावर त्यांचा ढीग न घालतां पातळ पसरून वाळवाव्या. शेंग कानाशीं हालविली असतां दाणा खुळखुळला, दाणा चोळतांच वरचें साल सुटलें व दांताखालीं तो कटकन् तुटला म्हणजे वाळवण पुरी झाली असें समजावें. दाण्यांतील ओलावा शेंकडा ८ हून अधिक राहूं देऊं नये. दाणे फुटूं नयेत म्हणून फोडणीपूर्वीं शेंगांवर पाणी शिंपडण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे. घरच्या खाण्याच्या शेंगांस ती सर्वथा वर्ज्य करावी. शेंगा शेंगांच्या रूपानेंच सांठवाव्या व लागतील तशा फोडाव्या. वडीसाठीं दाणे घेतांना ते परातींत पसरून एक एक निवडावे व शंकास्पद दाणा टाकून द्यावा. तो गुरांसहि घालूं नये, कारण विषाचा अंश दुधांत उतरतो.

हरभरा कोणत्याहि जातीचा चालतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें प्रसृत केलेले ‘विजय’ व ‘दिग्विजय’ हे वाण आपल्याकडे परिचित आहेत. भडभुंज्याकडून फुटाणे करून घेऊन त्यांचीं सालें काढलीं म्हणजे डाळें तयार होतें. गूळ घेतांना फार पिवळा व चमकदार पाहून भुलूं नये. रंग उजळविण्यासाठीं त्यांत रासायनिक भुकटी घातलेली असण्याचा संभव असतो. गडद तांबूस, कोरडा व खारट नसलेला गूळ पसंत करावा.

प्रमाण

तीस वड्यांसाठीं पुढीलप्रमाणें साहित्य घ्यावें.

भाजून सोललेले शेंगदाणे ४०० ग्रॅम. डाळें ३०० ग्रॅम. तीळ १०० ग्रॅम. चिरलेला गूळ ४०० ग्रॅम. पाणी अर्धी वाटी. तूप दोन चमचे. सुंठ व वेलदोड्याची पूड आवडीप्रमाणें.

या जिनसांतील प्रथिनाचा हिशेब असा. शेंगदाण्यांत शेंकडा सुमारें २५ प्रमाणें १०० ग्रॅम, डाळ्यांत शेंकडा २२ प्रमाणें ६६ ग्रॅम, तिळांत १८ ग्रॅम व गुळांत नांवापुरतें. एकूण सुमारें १८५ ग्रॅम. तयार मालाचें वजन सुमारें १२०० ग्रॅम भरतें. त्याच्या ४० ग्रॅमच्या तीस वड्या पाडल्या तर एकेका वडींत सुमारें ६ ग्रॅम प्रथिन व १८० कॅलरी उष्णता येते. एक अंडें किंवा २०० मिलिलिटर गाईचें दूध यांत प्रथिनाचें प्रमाण साधारण इतकेंच असतें. अर्थात् अंड्याचें व दुधाचें प्रथिन अधिक सुपाच्य असतें, त्यामुळें वडी ही दुधाची जागा घेणारी नसून त्याच्या जोडीची आहे असें समजावें.

कृति

प्रथम शेंगदाणे जाड बुडाच्या कढईंत मंद आंचेवर भाजावे. घाई करून आंच वाढविल्यास वरून करपतात व आंत कच्चे राहतात. निवाल्यावर चोळून पाखडावे व जाडसर कुटावे. पार पीठ करूं नये; तेल सुटून वडी तेलकट होते. निम्मे डाळें दळून त्याचें पीठ करावें व निम्मे अख्खें ठेवावें. पिठानें वडी सांधते व अख्ख्या डाळ्यानें तीस खुसखुशीतपणा येतो. तीळ तडतडूं लागेपर्यंत भाजावे. हें सर्व साहित्य एका परातींत कोरडें मिसळून चुलीजवळ ठेवावें, म्हणजे तें कोमट राहील. थंड साहित्यावर पाक ओतल्यास तो तत्काळ आळतो व मिश्रण एकजीव होत नाहीं.

नंतर गूळ व पाणी कढईंत घेऊन विरघळवावें व एकदां फडक्यांतून गाळावें. गुळांत खडे व चिपाडाचे कण असतात. ते दांतास अपाय करतात. गाळलेला रस पुनः आंचेवर ठेवून तुपासह सतत ढवळावा. पाकाची पारख हेंच या कृतीचें मर्म होय. वाटींत थंड पाणी घेऊन त्यांत पाकाचा थेंब टाकावा. थेंब पसरला तर पाक कच्चा आहे. बोटांनीं त्याची मऊ गोळी वळली तर मऊ वडीस योग्य असा पाक झाला. यावेळीं उष्णता ११५ अंश सेल्सिअसच्या सुमारास असते. गोळी कडक होऊन वाटीच्या कांठावर आपटतांच टणटण वाजली व मोडली तर तो कुरकुरीत चिक्कीचा पाक होय. वृद्धांसाठीं व मुलांसाठीं मऊ वडी, आणि प्रवासासाठीं व अधिक दिवस टिकविण्यासाठीं कडक वडी करावी.

पाक सिद्ध होतांच कढई खालीं उतरवून कोरडें साहित्य त्यांत ओतावें व उलथण्यानें झपाट्यानें कालवावें. तूप लावलेल्या परातींत मिश्रण काढून तूप माखलेल्या लाटण्यानें अर्धा इंच जाडीचें दाबून सारखें करावें. दाब नीट बसला नाहीं तर वडी भुगा होते. गरम असतांनाच सुरीनें खुणा पाडाव्या. पूर्ण निवाल्यावर तुकडे सोडवावे.

सोयाबीन, दूध व निवळी

आपल्या जिल्ह्यांत सोयाबीनचा पेरा वाढलेला आहे. त्यांत शेंकडा ४० हून अधिक प्रथिन असल्यानें १०० ग्रॅम डाळ्याऐवजीं तितकेंच सोयाबीनचें पीठ घातल्यास दर वडीमागें सुमारें पाऊण ग्रॅम प्रथिन वाढतें. परंतु कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनाच्या पचनास अडथळा करणारें द्रव्य असतें. नुसतें दळून तें कधींहि वापरूं नये. सोयाबीन भिजवून सालें काढावीं, डाळ उकळत्या पाण्यांत २५ ते ३० मिनिटें शिजवावी, कडक उन्हांत वाळवावी, भाजावी व मग दळावी. तसें केल्यानें दोषहि जातो व उग्र वासहि कमी होतो.

साय काढलेल्या दुधाची भुकटी १०० ग्रॅम घातल्यानेंहि प्रथिन वाढतें व त्याचा दर्जा सुधारतो. ती पाक खालीं उतरविल्यावर मिसळावी. आंचेवर घातल्यास करपते. बाजारी वडींत ज्या ‘व्हे’ प्रथिनाचा बोलबाला आहे तें चीज अथवा पनीर करतांना उरणाऱ्या निवळीपासून यंत्रानें वेगळें काढलेलें असतें. घरच्या निवळींत त्याचें प्रमाण शेंकडा एकाहूनहि कमी असल्यानें ती वडींत घालण्यांत अर्थ नाहीं. मात्र ती फेंकून न देतां तींत भाकरीचें पीठ मळावें किंवा आमटींत घालावी.

सांठवण

पूर्ण निवालेल्या वड्या कोरड्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत एकेक थर करून व मधें तेलकागद घालून ठेवाव्या. गूळ हवेंतील ओलावा ओढतो व दाण्यांतील तेल उष्णतेनें खवट होतें. हे दोन शत्रु ओळखून डबा थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावा. हिवाळ्यांत वडी सुमारें तीन आठवडे चांगली राहते, पावसाळ्यांत दहा बारा दिवसांचीच करावी. खवट वास किंवा बुरशीचा ठिपका दिसल्यास सबंध डबा टाकावा. ठिपका खरवडून उरलेली वडी खाऊं नये.

कोणास व किती

शाळेंत जाणाऱ्या मुलास रोज एक, कष्टाचें काम करणाऱ्या प्रौढास दोन, हें प्रमाण बेताचें आहे. व्यायाम करणाऱ्या तरुणांनीं एक गोष्ट समजून घ्यावी. बाजारांतील कित्येक वड्यांत वीस ग्रॅमपर्यंत प्रथिन असतें. आपल्या तीन वड्यांनीं तें जवळजवळ भरून निघतें, पण त्यांबरोबर ५५० च्या आसपास कॅलरीहि येतात. ज्याचें अंग मेहनतीचें आहे त्यास त्या हव्याच असतात. बैठें काम करणाऱ्यानें मात्र हात आंखडावा.

चार पांच वर्षांखालील मुलांस अख्खे दाणे किंवा कडक चिक्की देऊं नये. दाणा श्वासनलिकेंत अडकण्याचें भय असतें. त्यांच्यासाठीं हेंच साहित्य बारीक दळून दुधांत कालवून द्यावें. मधुमेह्यांनीं गुळास साखरेहून वेगळें मानूं नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून प्रथिन वाढवूं नये. शेंगदाणा किंवा तीळ ज्यास सोसत नाहीं, अंगावर गांधी उठतात किंवा धाप लागते, त्यानें ही वडी वर्ज्य करावी.

ऊसवाल्या बागाइतदारांस आमची एक सूचना आहे. दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगांव, जामखेड व शेजारचा बीड जिल्हा येथून ऊसतोडीचीं कुटुंबें आपल्या फडांत येतात. पहांटेच्या अंधारांत त्यांचा कोयता सुरूं होतो, व त्यांची लहान मुलें पाचटाच्या कडेला शिळ्या भाकरीवर दिवस काढतात. गूळ व साखर ज्यांच्या श्रमांतून होते त्यांच्याच मुलांस मूठभर दाणे मिळूं नयेत, हें शोभत नाहीं. आपल्या फडांत टोळी असेल तितके दिवस तिच्या मुलांस रोज एक वडी द्यावयाची ठरविली, तर दहा मुलांस तीस दिवसांत तीनशें वड्या, म्हणजे वरील प्रमाणाचे दहा घाणे लागतात. त्यास चार किलो शेंगदाणे, तीन किलो डाळें, एक किलो तीळ व चार किलो गूळ पुरतो. एका एकराच्या उसाच्या उत्पन्नापुढें हा खर्च तो काय!

हिशेब व सामुदायिक काम

वडीची किंमत काढतांना घरच्या मालास शून्य धरूं नये. ज्या भावानें तो बाजारांत गेला असता तो भाव धरावा. त्यांत विकतचा गूळ, तूप, जळण व घरच्या स्त्रियांच्या वेळेचा मोबदला मिळवावा. मग एकूण खर्चास १८५ नें भागावें, म्हणजे एक ग्रॅम प्रथिनास काय पडलें तें कळेल. बाजारी वडीची किंमत तिच्यावर छापलेल्या प्रथिनाच्या ग्रॅमांनीं भागून दोन्ही आंकडे शेजारीं मांडावे. निर्णय वाचकांनीं स्वतःच्या आंकड्यांवरून करावा.

गांवच्या महिला बचत गटानें एकत्र येऊन हें काम केल्यास भाजणी व दळण स्वस्त पडतें आणि पाकाची पारख एकीपासून दुसरी शिकते. विक्री करावयाची असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वयें नोंदणी करून घेणें आवश्यक आहे. वेष्टनावर घटक, वजन व तयार केल्याची तारीख छापावी. सहकारी साखर कारखानदारीचा पाया या जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं घातला गेला, तो ‘आपल्या उसाची साखर आपणच करूं’ या एका विचारावर. तोच विचार हरभऱ्यास व भुईमुगास लावण्यास मोठें भांडवल लागत नाहीं. एक कढई व निवडलेला माल एवढ्यावर आरंभ होतो.

येत्या सुगींत प्रत्येक वाचकानें खळ्यावर तिसरा एक लहान ढीग करावा. तो पहिल्या प्रतीच्या दाण्याचा असावा, आणि त्यावर बाजाराचा हक्क नसून घरच्या मुलांचा हक्क असावा. माणशीं महिन्यास एक किलो या मापानें तो ढीग बाजूस काढावा व मगच पोतीं शिवावीं.